केसभर उतरलेला

"डोळे मिटा," झेल्मा डॉक्टर म्हणाली,
नादकाटा तळहातावर आपटून
तिने टेकवला माझ्या उजव्या अंगठ्यावर.
"थरथर थांबली की सांगा."

थांबायला ती आधी सुरू व्हायला हवी.
पाय म्हणजे नुसतं लाकूड,
कानात मात्र स्वच्छ होतं सगळं.
"तुमचा काटा केसभर उतरलाय," मी म्हणालो,
"आमच्या पियानोतल्या त्याच स्वराहून."
ती हसली नाही. काहीतरी लिहिलं तिने,
बहुधा माझ्या कानाबद्दल नव्हे.

एकेचाळीस वर्षं लिएपायात पियानो लावतोय.
बंदरामागची शाळा, खलाशांचा क्लब,
कप्तानांच्या विधवा,
समुद्राच्या दमट हवेने फुगलेली लाकडं.
आणि काम संपलं की घराघरात
एक छोटा ग्लास: काळा, कडू, म्हणे औषधी.
नको म्हणणं असभ्य.
मी इतका सभ्य झालो
की घरी आग्रह करणारं कोणी उरलं नाही
तेव्हा स्वतःलाच आग्रह करू लागलो.

मार्चमध्ये चप्पल पायातून निसटली.
कळलं दोन गल्ल्या पुढे,
मागे वळून बर्फ पाहिला तेव्हा:
एक ठसा चपलेचा, एक मोज्याचा,
एक चपलेचा, एक मोज्याचा.
कोण दोघं चाललेत एका माणसात?

"आधी हे, मगच साखरेची बाटली,"
झिद्रा नर्स नव्या मुलीला बजावते.
क्रम चुकवायचा नाही.
ॲम्प्युलची मान मोडते. टिक्.
(वरचा सा, जवळजवळ.)
आणि खोलीभर यीस्टचा वास.
"बिअरच्या पिंपात हेच असतं, बी-वन," ती सांगते,
"पण तळाशी, गाळात. ग्लासात येत नाही."
म्हणजे मी आयुष्यभर
चुकीच्या टोकाकडून पीत होतो.
सुई बोचते कमरेत. तिथे बोचते अजून.
देवाचे आभार, कुठेतरी बोचते.

तिसऱ्या आठवड्यात काही नाही.
पाचव्यात रात्री चादर तळव्यांना भाजू लागली,
मी अंधारात पाय बाहेर काढून
खिडकीच्या गार काचेला लावून बसलो.
"चांगलं लक्षण?" "कधी कधी," झेल्मा म्हणाली.
"खात्री नाही देत. काही तंतू परत वाढतात,
रोज नखाएवढेही नाही. काही नाहीच.
गोळ्या चालू, बाटली बंद.
यातलं दुसरं विसरलात तर पहिलं फुकट."

हे मला समजतं.
पार उतरलेली तार एका दमात चढवत नाहीत,
तुटते.
थोडी ओढायची, सोडून द्यायची,
पुन्हा आठवड्याने यायचं.
आणि खुंटीचं भोकच झिजलं असेल
तर गिऱ्हाइकाला खोटं सांगायचं नाही.

काल आउस्ट्राबाईंकडे गेलो.
काम संपलं. ट्रे आला, ग्लास आला.
"चहा चालेल," मी म्हणालो.
चहाचा डबा सापडायला त्यांना बराच वेळ लागला,
कपाटं उघडत, बंद करत,
माझ्याकडे न बघता.

तोवर पियानोपाशी बसून राहिलो.
घोट्याच्या हाडात आता काहीतरी येतं,
काटा टेकवला की मोजून चार सेकंद,
दूरच्या खोलीत कोणी बोलावं तसं.
अंगठ्यात अजून नाही.
पेडलवर पाय आहे का
हे वाकून बघावं लागतं.

बघितलं.
आहे.