येतानाचं वजन

ग्लेनिस ट्रेविनच्या शेडमध्ये भिंतभर
हुक, गोळे, कड्या, साखळ्या.
मी सगळं ठरवून गेले होते.
म्हणाले, ट्रेलर जोडायचा पन्नास मिलिमीटरचा गोळा दे,
त्यातला दणकट.

तिने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ढकलला.
"ओढायचंय काय?"
"मधमाश्या."
"माश्यांचं सोड. पेट्या किती?"
"अठ्ठेचाळीस. पेटीमागे पस्तीस किलो, ट्रेलर सातशे.
तुझा गोळा साडेतीन टनांचा. मग?"
हिशोब रात्रीच झाला होता, वीजबिलाच्या पाठीवर.

ती बोलेना.
पत्र्यावर एक मॅगपाय चालत होता, नखं वाजवत.
मग म्हणाली, "हे झालं जातानाचं.
येतानाचं सांग."

येताना.
मरीकाठचे रेड गम फुलले,
वणवा कुठे लागला नाही,
तर सहा आठवड्यांत पेटी दुपटीहून जड होते.
हे काय मला माहीत नव्हतं?
त्याचसाठी तर जायचं होतं.
फक्त बेरजेत
ते सुख मी वजन म्हणून धरलं नव्हतं.

तिने खडूने फरशीवरच मांडलं:
चार हजार तीनशे.

"मग सत्तरचा गोळा दे."
"देते. तो ओढेल साडेचार टन.
तुझी गाडी काय म्हणते?"

गाडी दाराच्या आतल्या पट्टीवर, बारीक अक्षरांत,
अकरा वर्षं म्हणत होती: साडेतीन हजार.
मी त्या दारातून रोज चढत-उतरत होते.

"लोखंड विकणं हा माझा धंदा," ग्लेनिस म्हणाली,
"पण कड्यांमध्ये जी सगळ्यात कच्ची
तिचंच घरात चालतं."

मग दुपारभर तिने मला शिकवलं.
टनामागे शंभर किलो भार नाकावर हवा.
मागे सरकवलास तर ऐंशीच्या वेगाला
ट्रेलर झुलायला लागतो,
आणि रस्ता तू ठरवत नाहीस, तो ठरवतो.
(तिच्या दिराची बोट. पुढचं ती बोलली नाही.)
नाकावर भार आला की गाडी मागे बसते,
दिवे रस्ता सोडून झाडांवरचे पोसम दाखवतात;
म्हणून हे स्प्रिंगचे दांडे,
ते वजन उचलून पुढच्या चाकांनाही वाटून देतात.
साखळ्या खालून, एकमेकींना ओलांडून.
गोळा निसटलाच
तर नाक त्यांच्या झोळीत पडेल,
डांबरात रुतणार नाही.

मी घेतला तो पन्नासचाच गोळा,
जो मागायला आले होते.
शिवाय दांडे, साखळ्या,
आणि एका फेरीला फक्त तीस पेट्या.

फेब्रुवारीत परतले. माश्या घरात शिरल्यावर,
अंधारात पट्टे आवळले.
अठरा पेट्या मागे नदीकाठी राहिल्या,
उद्या रात्रीसाठी.
त्यांच्याकडे पाठ करून निघणं जड गेलं,
पण ते जड गाडीला कळत नाही.
वायचेप्रूफच्या पंपावर उतरून गोळ्याला हात लावला:
कोमट.
ट्रेलरमधून गुणगुण येत होती, एका सुरात,
आणि मधाचा वास पेट्रोलवर चढला होता.

ग्लेनिसचं बिल थोडं बाकी आहे.
ती म्हणते, मधात दे.
विचारलं, किती बाटल्या?
म्हणाली, भर तर आधी,
मग वजन करून सांग.