त्सुगेदानीची वही

'दानी' म्हणजे दरी. देणारा नव्हे.
हे मी पहिल्याच पानाच्या समासात लिहून ठेवलं,
नाहीतर प्रभादेवीच्या या तिसऱ्या मजल्यावर
अर्थ भलतीकडेच जातो.

एरवी मी पंपांची माहितीपत्रकं भाषांतरित करते:
झडप, दट्ट्या, गळती आढळल्यास काय करावे.
यावेळी आलं एका गावाचं दफ्तर.
चारी बाजूंनी डोंगर, मधून ओसोगावा नदी
(इथे 'गावा' म्हणजे नदी. समास भरत चाललाय).
ओसो म्हणजे पाणमांजर. ती आता नाहीत.
उंची सहाशे चाळीस मीटर.
बर्फ मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, हे महिने माझे,
मुळात नुसते आकडे आहेत.
बोगदा एकाहत्तर साली. त्याआधी खिंड.
खिंडीतून वर चढायचं मीठ, बैलांच्या पाठीवर,
समुद्रापासून नऊ मुक्काम,
आणि खाली उतरायच्या फण्या,
त्सुगे नावाच्या पिवळट, हट्टी लाकडाच्या.
खापरपणजोबानं झाड लावायचं
आणि कुणा न पाहिलेल्या पोरीनं केस विंचरायचे.
एका दुष्काळात गावानं बियाणं खाल्लं.
त्या सालाचा आकडा दफ्तरात नाही, नुसतं 'ते वर्ष'.

येत्या एकतीस मार्चला त्सुगेदानी संपणार.
डोंगर राहतील. कचेरी शेजारच्या शहरात विलीन.
सोबत कारकून अकिझुकी यांची चिठ्ठी:
वास्तव्यास एक हजार नऊशे अकरा माणसं,
वहीनुसार एक हजार नऊशे बारा.
जास्तीची एक, नाव ताने, जन्म मेइजी बावीस,
फण्यांचे दाते पाडणाऱ्याची तिसरी मुलगी.
शेरा: बोंबे येथे. पुढे कोरं.
मेल्याचं कुणी कळवलंच नाही,
त्यामुळे कायद्याने ती एकशे छत्तीस वर्षांची आहे.
कृपया खात्री करून कळवावे.

मी गेले. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीत
नाईकबाईंनी विचारलं, मयताशी नातं काय?
म्हटलं, भाषांतर.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, तरी बाड काढून दिलं.
सन बारा ते चौदा वाळवीने
आधीच आपल्या नावे करून घेतलं होतं.

वरळीला, रस्त्यापासून आत, एका भिंतीआड
थोडे परके दगड आहेत.
चिंतू घाटाळने बादलीभर पाणी ओतलं;
ओली झाली की दिसतात अक्षरं, म्हणाला.
एका दगडावर 'दानी' दिसलं. तेवढंच.
वरचं सगळं खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं.
नऊ मुक्काम करून जे तिच्या घरी
शिंकाळ्यात जपून ठेवण्याइतकं पोचायचं,
ते इथे फुकट, रोज, शंभर वर्षं
तिच्या नावावर येऊन बसत होतं.
तिच्याच, हे तरी कशावरून?
दऱ्या तिकडे शेकड्यांनी.

रात्री उत्तर लिहायला बसले.
'आढळली' लिहिलं, खोडलं.
'आढळली नाही' लिहिलं, तेही.
मग केस मोकळे सोडून बराच वेळ
प्लास्टिकच्या फणीने गुंता काढत राहिले.
दोन दाते मोडलेत तिचे.

शेवटी लिहिलं:
अकिझुकीसान, आमची उंची अकरा मीटर.
बर्फ नाही. मीठ मुबलक.
समुद्र जवळ असल्याने दगड लवकर विसरतात.
आकडा एकतीस मार्चपर्यंत आहे तसाच असू द्यावा.
पुढे ते शहर विचारील,
तेव्हा त्यांचाही कागद
बहुधा माझ्याकडेच येईल.