डावीकडे पन्नास पावलं

पडद्यावर पाटी उमटली : राजस्थान.
मी खुर्चीत पुढे सरकले.

तो सुळका माझ्या ओळखीचा.
सोनगीरच्या अलीकडे, फाट्यावरून आत,
अकरा वर्षं लसीचा डबा मांडीवर धरून
त्याच्या बगलेतून गेलेय मी,
सुपडूच्या लुनावर, मागे.

उंट भाड्याने आणले असतील.
वाळू मात्र आमच्याच नाल्याची,
आणि त्या मोठ्या धोंड्यावरची पांढरी रेघ
'इथवर घरं झाली' म्हणून
मीच ओढलेली, चुन्याने.

धुळ्याच्या थेटरात बायांचे पदर डोळ्यांना.
नायक तहानेने मरतोय,
ओठांवर पापुद्रे, सारंगी चाललेली,
नि माझं सगळं लक्ष
चौकटीच्या डाव्या कडेला.

जरा वळव रे बाबा कॅमेरा.
तिथं बोरीखाली हापसा आहे.
दहा-बारा हिसके मारावे लागतात,
आधी गंजकं येतं, मग गार.
धुडकूच्या नातवाला तिथंच डोस पाजला होता,
कडकडून चावला बोटाला,
मग त्याच पाण्याखाली बोट धरून बसले.

कॅमेरा वळला नाही.
त्याची मान कलली.
आमचे हे हुंदका दाबत होते, त्यांना म्हटलं,
अहो, पाणी आहे तिथं. पन्नास पावलं फक्त.
मागच्या रांगेतून कुणीतरी खेकसलं,
"चूप बठ ना व माय!"

बसले चूप.
मांडीवरचा हात तेवढा
अंधारात
खाली-वर, खाली-वर.