चार वजनकाटे

अर्धं आयुष्य खनिजाच्या ट्रकांखाली
उताणा पडून काढलेला सगुण
सावर्ड्याच्या शेडमध्ये आता उभ्यानं काम करतो.

पाइप वाकवून सांगाडा केला,
भंगारातल्या मारुतीचं इंजिन मागे बसवलं,
स्टेअरिंग कुणाच्या तरी अपघातातलं.
रात्री वेल्डिंगचा निळा उजेड पडला की
शेजारचा कायतान खिडकी ओढून घेतो,
सकाळी विचारतो, "धांवतली मरे?"

आज चार चाकांखाली चार वजनकाटे.
एक डॉक्टरीणबाईंचा, एक पोदेराकडचा,
दोन कुठून आणले ते सांगत नाही.
"बस आत," मला म्हणाला,
"चालवणाऱ्याचं वजन धरावं लागतं."

मी साडी आवरून बसले.
गुडघे छातीशी, नाकात पेट्रोल.
तो जमिनीला गाल लावून आकडे वाचत होता.
डावं मागचं चाक जड.
स्प्रिंग अर्धा फेरा सैल,
पुन्हा गाल जमिनीला.

बावीस वर्षांत माझ्या वजनाकडे
इतकं बारीक लक्ष
त्यानं दिलं नव्हतं.

"हलू नको."
मी श्वाससुद्धा धरला.
काटा तरी थरथरतच होता.
बाहेर, रस्त्यावरून
एक रिकामा ट्रक चालला होता.