उलांडी

नववी ब. खिडकीबाहेर सर्जेकोटचं बंदर.
सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास इंग्रजीच्या तासाला रोज हजर,
पटावर नाव नसताना.

फळ्यावर मी देवनागरीतच लिहिते,
मागच्या बाकांना स्पेलिंगची धास्ती आहे म्हणून:
व्हेन द वाइंड ड्रॉप्ड, द बोट केम बॅक.
स्वल्पविरामावर खडू टेकवून म्हणाले,
इथे मोडा. आता एकेक तुकडा सुटा वाचा.

माझी जुनी युक्ती आहे ही.
समजा, तुकडा दारात येऊन बोलला
आणि घरातून कुणी "मग?" विचारलं नाही,
तर तो स्वतंत्र.
होडी परत आली.
कोण काय विचारणार? भांडी घासणारा हात थांबतो, तेवढंच.
वारा पडला तेव्हा...
अख्खा वर्ग ओरडला, "मग?"

म्हणून हे गौण, मी लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.
मग 'ऑल्दो'च्या मागे 'बट' लावू नका, हे यंदा सातव्यांदा.
आपल्याला जरी-तरीची दोन्ही टोकं बांधायची सवय,
इंग्रजी एकाच दोरावर उभी राहते.

भूमिता कोयंडे उठली. हात वर न करताच.
"बाई, गौण कसा? होडयेक उलांडी असता ना,
ती एकटी दर्यात सोडलास तर नुसता लाकूड.
पण ती काढून होडी घाला बघू लाटेत."
मागून कोणीतरी शिट्टी वाजवली.
मी पुस्तकात बघितलं. पुस्तकात उलांडी नव्हती.
घंटा झाली, ते एक बरं.

काल चाचणीच्या वह्या तपासत होते.
प्रश्न तिसरा: सोमवारी तुम्ही गैरहजर का होतात?
पूर्ण वाक्यात उत्तर लिहा.
कुणाला ताप, कुणाकडे सत्यनारायण,
एकाची आजी दुसऱ्यांदा वारलेली.
भूमिताने लिहिलंय,
बिकॉज बाबाज बोट.
आणि पूर्णविराम. पेन रुतवून, कागदाला भोक पडेल असा.

नियमाने एक गुण जातो.
क्रियापद नाही, मुख्य वाक्य नाही,
धरायला काहीच नाही.
लाल पेन बराच वेळ उघडं राहिलं.
शेवटी समासात, बारीक अक्षरात,
मी लिहिलं: मग?

वह्या गुरुवारी परत द्यायच्या आहेत.