दोर

नोव्हेंबरात आमचं चर्च बंद झालं.
सातच जणं उरली होती शेवटी,
त्यातल्या दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींशी बोलत नसत.
बिशपांचं पत्र आलं, किल्ली गेली,
घंटा उतरवून कुणीतरी ट्रकवर घातली
आणि सस्कॅटूनच्या एका गोदामात नेली म्हणे.

एकेचाळीस वर्षं ती घंटा वाजवणारे माझे बाबा, ओस्ताप,
पुढच्याच रविवारी सकाळी सहाला दाढी करून
कोट चढवून दाराशी उभे.
"कुठे?" मी विचारलं.
"रविवार आहे," म्हणाले,
जणू ते एखाद्या गावाचं नाव असावं.

बाहेर उणे बावीस.
पिकअपची काच आतून गोठलेली, मी ती खरवडत होते
आणि बाबांच्या खिशातून डोकावत होता
घंटेच्या दोराचा वीतभर तुकडा.

लुथरनांकडे सगळं उबदार आणि वेळेवर.
फळ्यावर भजनांचे आकडे, वाण्याच्या पाटीवरच्या भावांसारखे.
चार-चार सुरांत गातात माणसं
आणि मान तसूभर हलत नाही कुणाची.
"घंटा? आहे ना," पाद्रीबाई म्हणाल्या
आणि भिंतीवरचं बटण दाबलं.
स्पीकरमधून बारा ठोके.
"छान आहे," बाबा म्हणाले,
दुसऱ्याच्या नातवाला म्हणतात तसं.

पेंटेकोस्टल लोक शाळेच्या जिममध्ये भरतात.
बास्केटबॉलच्या रेघांवर खुर्च्या, वर जाळीची रिंग,
ड्रम असे, की छातीतलं धडधडणं आपलं की त्यांचं कळेना.
बेनिन शहरातून आलेली नर्स, ओसारेतिन,
विचारता न विचारता बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून
मोठमोठ्याने देवाशी भांडली.
गुडघा त्या आठवड्यात खरंच कमी दुखला.
आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही.

मेनोनाइटांकडे बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे.
वाद्य नाही, घंटा नाही, मेणबत्तीसुद्धा नाही.
दीड तास बाबा मला दिसले नाहीत.
लहानपणी ते वर मनोऱ्यात असायचे, मी खाली एकटी,
तेव्हा निदान दोर हलताना दिसायचा.

मग फेब्रुवारीत रिझर्व्हवरचं छोटं कॅथलिक चर्च.
आत धुपाऐवजी गवताची वेणी जळत होती,
क्री भाषेतलं गाणं, रडणारी बाळं, कॉफीचा वास.
मी आत. बाबा पाय मोकळे करायला म्हणून बाहेर राहिले
ते आलेच नाहीत.
निघाले तर ते एका जुन्या ब्यूकमध्ये बसलेले,
शेजारी फिलोमीन नावाची म्हातारी.
ती दर रविवारी बहिणीला घेऊन येते
आणि स्वतः गाडीतच थांबते.
का, ते इथे कुणी विचारत नाही. माहीत असतं.

परतताना तीस मैल बाबा गप्प.
मग रेल्वे फाटकाशी म्हणाले,
"मी तिला दोर दाखवला."
मालगाडी जात होती, गव्हाचे डबे, संपता संपेना.
"तिने हात नाही लावला.
म्हणाली, सहा वर्षांची होते, आईपासून उचलून नेलं होतं,
पहाटे पाचला घंटा व्हायची त्या शाळेत.
अजून पाचला जाग येते."
आणखी डबे.
"मी पण पाचलाच वाजवायचो, ईस्टरला," बाबा म्हणाले.
"सगळ्यांना आवडतं, असं धरून चाललो होतो."

इतक्या दारांतून आत-बाहेर करताना
मी मनात गुण देत होते: इथलं गाणं, तिथली कॉफी,
कोण सरकून जागा देतं, कोण पर्स ठेवतं मध्ये.
त्या गाडीला किती द्यायचे, मला ठरवता आलं नाही.

पुढच्या रविवारी बाबा आठला उठले.
दाढी अर्धवट. खिसा सपाट.
दोर कुठे ठेवला, मी विचारलं नाही.
"त्या नर्सकडे जाऊ," म्हणाले,
"आता दुसरा दुखतोय."