जरा जोरात फिरतंय

आमच्या शहराच्या नावाचा अर्थ होडी.
नद्या मात्र सगळ्या रस्त्याखाली, पाइपात.
वूजमध्ये तरंगायचं ते फक्त सूत:
गिरणीच्या हवेत, बीटच्या सारात,
आईच्या भुवयांवर, रविवारीही.

गिरणीत आता बुटांची दुकानं आहेत.
आतली यंत्रं मोडली तेव्हा चात्या किलोवर विकल्या.
मी एक आणली, बेअरिंगसकट.
चाळीस वर्षं फिरली असेल,
तरी हलवून पाहिली तर केसाइतका खेळ नाही.
म्हटलं, हिच्यावर काहीतरी फिरायला हवं.

बैठकीचा दगड झेनॉननं दिला. तो थडगी घडवतो.
आडनावात एक अक्षर चुकलं
म्हणून परत आलेली ग्रॅनाइटची लादी.
नाव खाली केलं, गुळगुळीत बाजू वर.
कुणा विटचाकच्या पालथ्या मरणाला
मी चार रबरी पाय लावले.

मोटर एका टेपरेकॉर्डरची,
ज्याच्या झाकणात शेजारची मांजर जेवते.
भुजा म्हणजे विणायची सुई, आठ नंबर.
तोलाला पडद्याच्या काठातलं शिसं;
तेव्हापासून तो पडदा वाऱ्याला घाबरतो.
पट्ट्याऐवजी शिवणाचा दोरा.
आणि पुलीवर चिकटपट्टीचे वेढे,
तीन की चार, आता आठवत नाही.
हिऱ्याचं टोक तेवढं विकत घेतलं.
दोन महिने मी चहात साखर घातली नाही.

घरात तबकडी एकच, तीही गाण्याची नाही.
कामगारांसाठी पाच मिनिटांची कवायत.
दहाच्या सुट्टीत गिरणीच्या कर्ण्यावर लावायचे.

सुई टेकवली.
कवायतीचा मास्तर बदकासारखा बोलला,
हात वर, टक,
श्वास घ्या, टक.
दोऱ्याची गाठ पुलीवरून जाताना
दर वेळी उंबऱ्याला ठेचकाळत होती.
ट्यूबलाइटखाली कडेचे ठिपके
स्थिर उभे राहायला हवेत;
ते मुंग्यांसारखे पुढं सरकत होते
आणि मी तिकडं बघतच नव्हते.

आई बटाटे सोलत होती.
चात्यांनी तिचे कान हप्त्याहप्त्यानं नेले,
आधी चिमण्या, मग टेलिफोन, मग मी.
ती उठली, हात एप्रनला पुसला,
आणि तबकडीच्या कडेला बोट लावलं,
इतकं हलकं, की वेग मोडला नाही.
"जरा जोरात फिरतंय," ती ओरडली.
ती नेहमीच ओरडते,
शेजारी अजून दोनशे चात्या चालू असल्यासारखी.
"आणि ही गाठ कुणी मारली?"

मी मारली होती. तीन संध्याकाळी घालवून.

तिनं दोरा तोडला.
दोन टोकं अंगठ्याखाली घेऊन काहीतरी केलं,
मी पाहत असूनही मला दिसलं नाही.
गिरणीत तुटली तार सांधायला
श्वासाएवढा वेळ मिळायचा, म्हणे.
मग नखानं पुलीवरचा एक वेढा काढला,
बोट लावलं, थांबली. अजून अर्धा काढला.
ठिपके उभे राहिले.

मास्तर माणूस झाला.
थोडा दमलेला, बहुतेक सर्दी झालेला.
तिला कळावं म्हणून मी उभी राहिले
आणि तो सांगेल तसे हात वर, हात खाली,
वाकून पायाच्या अंगठ्यांपर्यंत.
ती चष्म्यावरून बघत राहिली.

"हे होय," ती म्हणाली.
"हे आम्ही कधीच केलं नाही.
त्या पाच मिनिटांत
आम्ही बसायचो."

मी खाली बसले.
तिचं बोट परत कडेवर गेलं.
"तेल घाल उद्या," ती म्हणाली, बरंच हळू.